वाळूच्या उंबरठ्यावरचा तास

"चार हात पाणी, चार घास खा,
तीन हात पाणी, जपून जा,
दोन हात पाणी, धरून बस,
एक हात पाणी, उतर नि हस."

हा मामाचा आवाज; मामा म्हणजे जहाजावरचा जुना खलाशी, सगळेच त्याला मामा म्हणत. रबरी होडीच्या नाकाशी तो उभा असायचा, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, हातात खुणा मारलेला बांबू. नदीच्या मुखाशी पाण्याचा थांग घेत घेत तो हे गाणं म्हणायचा. गाणं कसलं, त्याचं त्यानेच जुळवलेलं. शेवटच्या ओळीला होडीतली परक्या मुलखाची माणसंही हसायची, शब्द न कळता. चिमीने तो आवाज एकदाच ऐकला, सफरींच्या पहिल्या वर्षी, दादा तिला हौसेने जहाजावर घेऊन गेला होता तेव्हा. एकदाच ऐकला; पण पाणी ओसरल्यावर वाळूत वळ्या राहाव्यात तसा तो तिच्या कानात राहून गेला. मामाला जाऊन आता नऊ वर्षं होत आली. त्याच नदीच्या मुखाशी होडी उलटली. प्रवासी वाचले, मामा वाचला नाही.

चिमी म्हणजे कोणी लहान पोर नव्हे. एकोणसाठ संपून साठावं लागलेलं, केस कापसाचे झालेले. पण घरात लाडाने पडलेलं नाव कातडीसारखं अंगाला चिकटतं. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. तो छोट्या जहाजाचा कप्तान होता आणि ती त्याच कंपनीच्या कचेरीत सफरींची आखणी करायची. पाण्यावरचं दादाचं, कागदावरचं चिमीचं. लोक म्हणत, एक भाऊ-बहीण मिळून अख्खं जहाज हाकतात. ते जहाज गेलं, ती कंपनीही बुडाली. चिमी आता एका छापखान्याच्या माडीवर, दोन टेबलांच्या कचेरीत, लोकांच्या सहली आखून देई. दादा घरी होता.

तिथे पावसाळा सरताना एक तरुण आला. त्याने अठ्ठावीस प्रवाशांचं एक छोटं जहाज भाड्याने घेतलं होतं आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने बारा दिवसांची सफर काढायची त्याच्या मनात होती. मोठी जहाजं जिथे नांगरसुद्धा टाकत नाहीत तिथे माणसांना होडीने उतरवायचं, हीच त्या सफरीची गंमत. "हे काम करणारं या शहरात एकच घर आहे असं ऐकलं," तो म्हणाला. चिमीला नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच: "नकाशे घरी आहेत. दादालाही विचारते."

आणि नकाशे माळ्यावरून उतरले. दादाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलाएवढी सपाट जागा दुसरी नव्हती. मेणकापडावर किनारा पसरला गेला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर लाटणं, तिसऱ्यावर दादाचा चष्म्याचा डबा. चौथा कोपरा सारखा वळायचा, तो चिमी कोपराने दाबून धरायची. खाली रस्त्यावर सायकलवाला चाकं ठोकत असायचा आणि वर ही दोघं समुद्र मोजत असायची.

"तीन आठवडे झाले, मी ताट मांडीवर घेऊन जेवतेय," वहिनी म्हणाली. "माझ्या टेबलावर समुद्र आला तो परत जायचं नाव घेत नाही."

"ओहोटी लागली की जाईल," दादा म्हणाला.

"तुमची ओहोटी मी पाहिलीय. डोक्यावर लागली तेवढीच."

दादाने टकलावरून हात फिरवला आणि हसला. ते हसणं पाहून वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकली, चिमीकडे एकदा बघून आत गेली. आत जाऊन तिने डोळे पुसले असणार. नऊ वर्षांत हा माणूस एवढा बोललाच नव्हता.

आणि काय बोलायचा तो! तिसऱ्या दिवशीच्या भूशिरावर जुना दगडी कोट आहे, तिथून एके काळी माणसं गुरांसारखी भरून नेली, तिथे प्रवाशांना जेवणानंतर नेऊ नका, उपाशीपोटी न्या; भरल्या पोटाने ऐकायची ती गोष्ट नव्हे. पाचव्या दिवसाच्या बेटाजवळ कोळी रात्रभर जाळी टाकून असतात, दिवा लावत नाहीत, तिथून उजेडीच पार व्हायचं. नदीच्या आत विणकरांचं गाव आहे, तिथल्या म्हाताऱ्या मुखियाला महिनाभर आधी पत्र गेलं पाहिजे. न सांगता उतरणं म्हणजे कोणाच्या चुलीपर्यंत चपला घालून जाणं. वाळवंटातून धुळीचा वारा सुटतो ते दिवस कोणते, गोडं पाणी कुठे भरायचं, कुठल्या बंदरातला कारकून सकाळी गोड असतो आणि दुपारी कडू, सगळं त्याला तोंडपाठ. चिमी लिहून घ्यायची. कागदांची चळत वाढत होती. दिवस एक, दिवस दोन, दिवस तीन. कागदावर सफर रांगू लागली होती, उभी राहू लागली होती.

सातवा दिवस नदीचा. तिथे आलं की दादाचं बोट नकाशावर थांबायचं.

त्या नदीच्या मुखाशी वाळू साचून पाण्याखाली आडवा बांध झालेला होता. जहाजावर सगळे त्याला उंबरठा म्हणत. भरती पुरी चढली की उंबरठा बुडायचा आणि होडी अलगद आत जायची, माहेरवाशिणीसारखी. पण भरती उलटली की नदीचं पाणी बाहेर धावायचं, समुद्राच्या लाटा आत यायच्या, आणि दोघांची झोंबी त्या उंबरठ्यावर लागायची. म्हणून सगळा खेळ वेळेचा.

"भरतीची वेळ?" चिमी विचारायची.

"ती तू बघ," दादा म्हणायचा आणि उठून खिडकीशी जायचा. खालच्या सायकलवाल्याकडे पाहत उभा राहायचा. "माझ्या डोक्यावर सगळं सोड, तास सोडू नकोस."

त्या तासाची गोष्ट अशी.

किनाऱ्याने पश्चिमेकडे जाताना एका हद्दीपलीकडे घड्याळ तासाने मागे घ्यावं लागे. दादाची रीत अशी, की नदीत उतरून माणसं परत येऊन जेवेपर्यंत जहाजाचं घड्याळ हलवायचं नाही; नाहीतर आचाऱ्याची न्याहारी, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, सगळ्याचा घोळ. म्हणजे भरतीच्या छापील कोष्टकात आठ वाजून दहा मिनिटं असतील, तर जहाजाच्या घड्याळाप्रमाणे नऊ दहा. हा एक तास मिळवायचं काम कायम चिमीचं. ती मिळवायची, पक्की प्रत टंकून द्यायची, दादा तो कागद डोळे मिटून घ्यायचा. चिमीचा कागद म्हणजे देवाघरचा कागद.

होडी उलटली त्या वर्षी आई इस्पितळात होती. चिमी रात्री तिच्या उशाशी आणि दिवसा कचेरीत. दादाला बहिणीची कीव आली. जहाज सुटायला चार दिवस असताना तो कचेरीत आला, चिमी तेव्हा तिथे नव्हती. त्याने कोष्टक बघितलं, चिमीच्या कच्च्या कागदावर नदीच्या ओळीत पेन्सिलीने नऊ दहा लिहिलं आणि ओळीच्या शेवटी एक टिंब दिलं. ते टिंब लहानपणचं. शाळेत चिमीला गणितं सुटत नसत, दादा ती सोडवून कोपऱ्यात टिंब द्यायचा. अर्थ असा, की हे झालंय, तू झोप. सांगायला म्हणून तो थांबला नाही. टिंब आहे की.

संध्याकाळी चिमी आली ती झोपेने भेलकांडत. तिने नऊ दहा पाहिलं. टिंब तिला दिसलं नाही. सवयीच्या हाताने तिने तास मिळवला. दहा दहा झाले.

म्हणजे गुन्हा म्हणावा तर कोणाचा? भावाने बहिणीचं ओझं उचललं, बहिणीने आपलं ओझं चुकवलं नाही. दोघांनी एकमेकांना जपलं, आणि जपण्यात एक तास जास्तीचा पडला.

त्या सकाळी धुळीने आकाश पिवळं झालं होतं, मुखावरचं पाणी दिसत नव्हतं. होडी जहाजाच्या घड्याळाने दहा दहाला निघाली. तोवर नदी तासभर परत फिरलेली होती.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. तीन अधिकारी, एक पंखा, पाण्याचा जग. टंकलेला कागद टेबलावर होता. कागद कोणी केला असं विचारलं, तेव्हा दादाने चिमीकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्रत बहिणीने टंकली. पण तास मीच मिळवला होता, पेन्सिलीने. माझ्याच हातून तो दोनदा पडला असणार." त्याच्या आवाजात खोटं नव्हतं. त्याला तसंच वाटत होतं. बहीण चुकेल हे त्याच्या मनातच येत नव्हतं. त्याहून आपलं डोकं फिरलं हे मानणं त्याला सोपं होतं.

चिमी त्याच दुपारी कचेरीत गेली. पेन्सिलीचा कागद काढला. नऊ दहा. आणि शेवटी टिंब, मोहरीएवढं. ती किती वेळ बघत बसली कोण जाणे. मग तिने कागदाचे तुकडे केले आणि चहाच्या चोथ्यात कालवून टाकून दिले. उद्या सांगू, असं तेव्हा तिला खरंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी आई गेली. मग तेरा दिवस सांगण्यासारखे नव्हते. मग दादाचा परवाना गेला, मग कंपनी गेली, मग सांगून आता काय होणार असं वाटायचे दिवस आले. न बोललेली गोष्ट विरजण लावलेल्या दुधासारखी असते. पहिल्या दिवशी हलवली तर हलते, मग विरजते, मग आंबते, आणि शेवटी झाकण उघडायचंही धाडस होत नाही.

तिकडे दादा आपल्याच डोक्याचा पहारेकरी झाला. गॅस बंद केला की वहिनीला हाक: "बघ गं, झालाय ना?" कुलूप लावलं की एकदा त्याने ओढायचं, एकदा तिने. "आमच्याकडे कुलूपसुद्धा जोडीनं लावतात, लग्नातल्यासारखं," वहिनी शेजारणींना सांगायची आणि सगळ्या हसायच्या. गोळ्या तिने मोजायच्या, तारीख तिने सांगायची. नात झाली तेव्हा त्याने तिला पलंगावर बसून मांडीवर घेतलं, पण उचलून कधी दोन पावलं चालला नाही. "माझा भरवसा नाही," म्हणायचा. सहा वर्षांची झाली नात. आजोबाच्या खांद्यावरून जग कसं दिसतं हे तिला ठाऊक नाही.

हे सगळं चिमी बघत होती. दर रविवारी यायची, डबा आणायची, बघायची आणि जायची.

आणि आता हा सफरवाला तरुण स्वतः जिना चढून आला. दुपारचे चार वाजले होते. वहिनीने चहा ठेवला. त्याने कागदांची चळत चाळली आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका, असं काम मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "आता एक मागणं आहे, नाही म्हणू नका. आमचा कप्तान चांगला आहे, पण त्या नदीत तो कधी गेलेला नाही. तो म्हणतो, मुख माहीत असलेला माणूस शेजारी उभा असेल तरच होड्या आत नेईन, नाहीतर नदी गाळा. आणि नदी गाळली तर सफरीत उरतं काय? अर्धे प्रवासी त्या नदीसाठीच येतायत. तुम्ही बारा दिवस आमच्याबरोबर चला. जहाज चालवायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पाणी बघून सांगायचं, आता निघा, आता नको."

वहिनीच्या हातातली किटली तशीच राहिली. चिमीने दादाकडे पाहिलं; क्षणभर, अगदी पापणी लवेपर्यंत, दादाच्या तोंडावर जुना कप्तान आला होता. ताठ मान, बारीक केलेले डोळे. मग तो गेला.

"नाही जमायचं," दादा म्हणाला.

"का पण? तब्येत तर छान दिसते."

"तब्येत छान आहे. वर भोक आहे." त्याने कानशिलाला बोट लावलं. "मघाशीच मी मीठ घातलं की नाही म्हणून तिला तीनदा विचारलं. एकदा माझ्या डोक्यातून एक तास गळला, त्यात एक माणूस गेला. तो तास कसा गळला हे मला अजून आठवत नाही, बाळा. नुसतं चुकलो असतो तर चाललं असतं. चुकलो ते कळलंच नाही, त्याची भीती आहे. अशा माणसाच्या बोटाकडे बघून होड्या सोडू नयेत."

तरुण चिमीकडे वळला. "तुम्ही तरी सांगा ना यांना."

हीच ती वेळ. वेळ अशी समोर येऊन उभी राहिली, की हात लांब केला तरी लागावी. चिमीच्या जिभेवर शब्द आले. किती साधे होते ते. पण समोर परका माणूस, दारात वहिनी, आणि नऊ वर्षांचं विरजण. तिने पेला उचलला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तो म्हणतो तर असेल तसं."

दादाने मान हलवली, जणू तिने त्याच्यावर उपकार केले.

तरुण चहा अर्धा टाकून गेला. वहिनीने तो कप उचलला, मोरीत ओतला. बराच वेळ नळ चालू होता.

पुढे आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी चिमीच्या कचेरीत फोन आला. नदी नाही म्हटल्यावर प्रवासी एकेक करून माघारी फिरले होते. जहाज आता दुसऱ्याच समुद्रात, नेहमीच्या बंदरांच्या फेरीवर जाणार होतं. "कागद ठेवा तुमच्याकडे," तरुण म्हणाला. "पुन्हा कधी जमलं तर." त्याच्या आवाजावरून कळत होतं, की पुन्हा कधीच जमणार नाही.

चिमी फोन ठेवून बसून राहिली. खाली छापखान्यातलं यंत्र खडखडत होतं. विणकरांच्या मुखियाला लिहिलेलं पत्र तिच्या खणात होतं, पाकिटावर तिकीट लावलेलं. तिने ते बाहेर काढलं, तिकिटावरून अंगठा फिरवला आणि परत आत ठेवलं. मग दिवसाउजेडीच कचेरी बंद करून ती दादाकडे गेली.

वहिनी शेजारणीकडे गेली होती. दादाने दार उघडलं. चिमीने सांगितलं, उभ्या उभ्याच. त्याने ऐकलं आणि टेबलापाशी जाऊन नकाशे गुंडाळायला लागला. हलक्या हाताने, कडा जुळवून, दोरीची गाठ एकसारखी.

"बरं झालं," तो म्हणाला. "तुझी मेहनत तेवढी वाया गेली. माझ्यापायी."

"तुझ्यापायी नाही."

"मग कोणापायी? मी हो म्हणालो असतो तर गेलंच असतं जहाज." त्याने दुसरा नकाशा ओढला. "खरं सांगू, ते तीन आठवडे फार बरे गेले. सकाळी उठलं की काहीतरी आहे असं वाटायचं. आता तुझ्या वहिनीला टेबल मिळेल."

चिमी खुर्चीत बसली. मेणकापडावर नकाशाच्या कडेचा ओरखडा उमटला होता, ती त्याच्यावरून नख फिरवत राहिली.

"अजून एक काम आहे तुझ्याकडे," दादा म्हणाला. "लेक विचारत होती. तिची कामाची वेळ बदललीय. पुढचे दोन महिने दुपारी नातीला शाळेतून आणायचं, एवढंच. रस्ता एकच ओलांडायचा. तुझ्या वहिनीचा गुडघा जिने चढू देत नाही, नाहीतर ती गेली असती. लेक म्हणते, बाबा, तुम्ही आणा. तू सांग तिला, दुसरी काही व्यवस्था कर म्हणावं. मी सांगितलं तर रडते. म्हणते, माझ्या पोरीचा हात धरायला काय होतं तुम्हाला."

"मग धर ना हात."

"चिमे." तो थांबला. दोरी हातात तशीच. "रस्त्याच्या मधोमध माझ्या डोक्यातून काही गळलं तर? मामाला निदान पोहता येत होतं."

सायकलवाल्याचं ठोकणं खाली मध्येच थांबलं. चिमीला वाटलं, आता तो पुन्हा ठोकायला लागेपर्यंत बोललं नाही तर आपण कधीच बोलणार नाही. बोलून काय मिळणार होतं? जहाज नाही, परवाना नाही, मामा नाही. भाऊ होता तोही बहुधा आता राहणार नव्हता. असला तरी असा, चिमे म्हणणारा, राहणार नव्हता. पेन्सिलीचा कागदही नव्हता दाखवायला. उरलं होतं ते तिचं तोंड.

"दादा, बस."

"काय झालं?"

"बस आधी."

तो बसला. तिच्या तोंडाकडे पाहून त्याचा हात आपोआप तिच्या कपाळाकडे निघाला, ताप बघायला. चिमीने तो हात वाटेतच धरला आणि टेबलावर दाबून ठेवला.

"तुझं डोकं कधीच चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "तो तास तू एकदाच मिळवला होतास. दुसऱ्यांदा मी मिळवला. आणि हे मला त्याच दिवसापासून माहीत आहे."